वाट कोणती धरायची, ते आम्हाला ठरवू द्या

प्रति,
लिनक्स कर्नेलच्या नेटवर्किंग, बीपीएफ आणि एमपीटीसीपी विभागांचे मेंटेनर



आधी मागणी सांगतो, कारणं मागून येतील. एमपीटीसीपी जोडणीतला डेटा कोणत्या मार्गानं पाठवायचा, हा निर्णय बीपीएफ प्रोग्रॅमच्या हाती देणारे हुक मुख्य कर्नेलमध्ये पक्के करा. मार्ग उघडायचे किती आणि कधी, हा दुसरा निर्णय त्यामागून आला तरी चालेल. हे करताना तीन गोष्टी सांभाळा. वाईट धोरण कर्नेलनं आपणहून बाजूला काढावं. कोणत्या जोडणीवर कोणतं धोरण चालू आहे, हे यंत्राच्या मालकाला दिसावं. आणि एकदा दिलेला हुक पुढच्या आवृत्तीत न सांगता बदलू नये.

मी पुण्यात राउटरच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमचा संघ छोटा आहे. कर्नेलमध्ये आम्ही क्वचितच काही लिहितो, पण तुम्ही लिहिलेल्यावर रोज जगतो. हे पत्र मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. तुम्ही घेतलेल्या निर्णयांचे परिणाम ज्यांच्या शाखेत, दुकानात आणि दवाखान्यात पोचतात, त्यांना या चर्चेचा पत्ता नसतो. त्यांच्यापैकी काहींनी तरी हे वाचावं, असं वाटतं. म्हणून तुम्हाला तोंडपाठ असलेल्या काही गोष्टी मी इथे सविस्तर सांगणार आहे. तेवढं सोसा.

साधी टीसीपी जोडणी चार आकड्यांना बांधलेली असते: इकडचा आयपी पत्ता आणि पोर्ट, तिकडचा आयपी पत्ता आणि पोर्ट. यातला एक जरी बदलला तरी जोडणी संपली. घरचं वायफाय सोडून तुम्ही रस्त्यावर आलात की फोनचा पत्ता बदलतो आणि चालू असलेली प्रत्येक टीसीपी जोडणी मरते. एमपीटीसीपी यावरचा उपाय आहे. ॲपच्या दृष्टीनं जोडणी एकच, पण तिच्या पोटात अनेक उपजोडण्या. एक वायफायवरून, एक सिमवरून. एक तुटली तर दुसरी काम पुढे चालवते. समोरच्या सर्व्हरला हा प्रोटोकॉल कळत नसेल, तर काही भांडण न करता सगळं साध्या टीसीपीवर उतरतं.

बेल्जियममधल्या लुव्हेनच्या फ्रेंच भाषक कॅथलिक विद्यापीठात ऑलिव्हिए बोनाव्हँच्यूर यांच्या गटानं यावर बरीच वर्षं काम केलं. जानेवारी २०१३ मध्ये त्याचा तपशील मांडणारा दस्तऐवज, आरएफसी ६८२४, प्रसिद्ध झाला, तो प्रायोगिक म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरात ॲपलनं आयओएस ७ मध्ये सिरीसाठी हा प्रोटोकॉल वापरायला घेतला. २०१५ मध्ये कोरिया टेलिकॉमनं सॅमसंगच्या फोनवर एलटीई आणि वायफाय एकत्र करून गिगाबिट वेगाची सेवा विकायला सुरुवात केली, तीही यावरच. लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये मात्र हे सगळं यायला मार्च २०२० उजाडला. सुधारित आरएफसी ८६८४ त्याच महिन्यात आला आणि कर्नेल ५.६ मध्ये एमपीटीसीपीचा पाया घातला गेला. हा उशीरही मला रास्त वाटतो. मुख्य कर्नेलबाहेर वाढलेला जुना कोड टीसीपीच्या गाभ्यात खोलवर शिरला होता आणि तो तसाच्या तसा घ्यायला तुम्ही नकार दिला. सगळं नव्यानं लिहायला लावलं. योग्य केलंत.

आता मुद्दा. दोन मार्ग असले की दोन प्रश्न उभे राहतात. कोणते मार्ग उघडायचे, हा पहिला. त्याचं उत्तर पाथ मॅनेजर देतो. हातातला डेटा यातल्या कोणत्या मार्गावर टाकायचा, हा दुसरा, तो शेड्युलरचा. पहिला प्रश्न जोडणीच्या आयुष्यात दोन-चारदा येतो. दुसरा क्षणोक्षणी येतो, आणि त्याचं चुकीचं उत्तर किती महाग पडतं हे एका हिशेबात दिसतं.

समजा, एका मार्गाचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आणि जाऊन-येऊन वेळ २० मिलिसेकंद. दुसऱ्याचा वेग २ मेगाबिट आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद. १०० किलोबाइट पाठवायचे आहेत. टीसीपीचा सुरुवातीचा संथपणा हिशेबातून वगळू. सगळं पहिल्या मार्गानं पाठवलं तर ओतायला ४० मिलिसेकंद आणि पोचायला १०, म्हणजे ५० मिलिसेकंदांत काम झालं. आता दोन्ही मार्गांना निम्मं निम्मं वाटून दिलं. हळू मार्गावरचे ५० किलोबाइट ओतायलाच २०० मिलिसेकंद लागतात, वर पोचायला १००. म्हणजे ३०० मिलिसेकंद. जलद मार्गावरचं निम्मं केव्हाच येऊन पडलेलं असतं, पण टीसीपीला सगळं क्रमानं द्यायचं असतं, म्हणून मागच्यासाठी पुढचं ताटकळतं. दुसरा रस्ता मिळाला आणि काम सहापट हळू झालं.

तुमचा मूळ शेड्युलर इतका भोळा नाही, हे मान्य. तो प्रत्येक उपजोडणीच्या रांगेत किती डेटा तुंबलेला आहे आणि तो किती वेगानं निघतो आहे, याचा भागाकार करतो आणि जिथून लवकर सुटका होईल तो मार्ग निवडतो. बहुतेक वेळा हे उत्तर चांगलं असतं. माझी तक्रार त्याच्या हुशारीबद्दल नाही. वेग हाच एकमेव निकष आहे, हे त्यानं गृहीत धरलंय, त्याबद्दल आहे.

तालुक्याच्या गावी असलेली एखादी पतसंस्था घ्या. शाखेत फायबर आहे आणि राउटरमध्ये एक सिमकार्ड. सिमवर रोजचा ठरावीक डेटा, तो संपला की वेग रांगायला लागतो. काउंटरवरच्या संगणकाला एमपीटीसीपीचं नावही माहीत नाही. राउटर त्याची जोडणी मधेच उचलतो आणि एमपीटीसीपीवरून आमच्या सर्व्हरपर्यंत नेतो, तिथून पुढे ती साध्या टीसीपीनं जाते. ओपनएमपीटीसीपीराउटर हा मुक्त प्रकल्प साधारण याच रीतीनं चालतो. यात नवं काही नाही.

या शाखेत तीन प्रकारची वाहतूक असते. काउंटरवरचा व्यवहार काही किलोबाइटचा, पण समोर माणूस पासबुक घेऊन उभा असतो. हा व्यवहार कुठल्याही मार्गानं, वेळ पडली तर दोन्ही मार्गांनी एकदम पाठवला तरी हरकत नाही. संध्याकाळी पिग्मी एजंट आपापली मशीन घेऊन येतात आणि दिवसभराची वसुली चढवतात. ती पाच मिनिटं थांबली तरी कुणाचं बिघडत नाही. तिसरं म्हणजे मुख्य कार्यालयाला जाणारं सीसीटीव्हीचं चित्रण. ते सिमवर एकदा चढलं की दिवसाचा डेटा जेवायच्या सुट्टीआधीच संपतो. राउटर एक, धोरणं तीन. शेड्युलर निवडण्याची आजची किल्ली मात्र नेटवर्क नेमस्पेसला एक, म्हणजे इथे अख्ख्या राउटरला एक, अशी आहे. सगळ्यांना एकच माप.

यावर तुम्ही म्हणाल, सिमचा मार्ग राखीव म्हणून नोंदवा, फायबर गेली की तो आपोआप वापरला जाईल. नोंदवतो. जेसीबीनं फायबर तोडली त्या दिवशी ते छान चालतंही. पण फायबर मेलेली असणं सोपं, आजारी असणं अवघड. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरतं, दहातलं एखादं पॅकेट गळायला लागतं, वेळ कधी तीस मिलिसेकंद तर कधी तीनशे. मार्ग जिवंत आहे म्हणून राखीव मार्गाला हाक मारली जात नाही आणि काउंटरवरचा व्यवहार रेंगाळतो. मार्ग किती आजारी झाला म्हणजे दुसरा वापरायचा, कोणासाठी वापरायचा आणि किती रुपयांपर्यंत वापरायचा, हे कर्नेलला कळणं शक्य नाही. कळावं अशी अपेक्षाही नाही. ते शाखेच्या माणसाला कळतं, आणि त्याच्या वतीनं आम्हाला.

पाथ मॅनेजरच्या बाबतीत तुम्ही हे ओळखलं. कर्नेल ५.१९ पासून तो निर्णय यूजरस्पेसमधल्या डीमनला घेता येतो. जोडणी झाली, पत्ता आला, उपजोडणी तुटली, असं कर्नेल नेटलिंकवरून कळवतं आणि डीमन काय करायचं ते सांगतो. सीसीटीव्हीच्या जोडणीला सिमवर उपजोडणीच उघडू द्यायची नाही, हे आम्ही अशाच रीतीनं साधतो. म्हणूनच वर म्हटलं की पाथ मॅनेजरचा हुक मागून आला तरी चालेल. ६.१५ मध्ये पाथ मॅनेजर नावानं निवडण्याची सोय आली, म्हणजे रचना त्या दिशेला वळलीच आहे. शेड्युलरला मात्र ही पळवाट नाही. प्रत्येक वेळी यूजरस्पेसला विचारून डेटा पाठवायचा म्हटलं तर विचारण्यातच वेळ जाईल. तो निर्णय कर्नेलच्या आतच व्हायला हवा. मग उरतात दोन पर्याय: कर्नेल मॉड्यूल किंवा बीपीएफ.

मॉड्यूल आम्ही लिहू शकतो. ६.६ मध्ये शेड्युलरसाठी स्वतंत्र इंटरफेस आला, त्यावर ते बेतता येतं. पण मॉड्यूलमध्ये एक पॉइंटर चुकला की अख्खा राउटर कोसळतो, आणि तो राउटर असतो दीडशे किलोमीटरवर, रिसेट करायला तिथे कुणी नसतं. धोरणातली एक ओळ बदलायला नवं मॉड्यूल बांधा, सही करा, पाठवा, रीबूट करा.

बीपीएफ याच अडचणीसाठी जन्मलेलं आहे. मूळ बीपीएफ लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी पॅकेट गाळण्यासाठी केलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. २०१४ च्या डिसेंबरात आलेल्या ३.१८ पासून त्याचं विस्तारित रूप कर्नेलमध्ये आहे. मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर बाहेरून दिलेला छोटा प्रोग्रॅम कर्नेलच्या आत, हुक म्हणवणाऱ्या ठरावीक जागी, चालवण्याची ही सोय आहे. चालवण्याआधी व्हेरिफायर नावाचा तपासनीस त्याची प्रत्येक वाट तपासतो. प्रोग्रॅम आपल्या मर्यादेबाहेरच्या स्मृतीला हात लावणार नाही आणि कुठेतरी नक्की थांबेल, याची खात्री झाली तरच आत सोडतो. प्रोग्रॅम बदलायला रीबूट लागत नाही.

विशेष म्हणजे, ज्या ५.६ मध्ये एमपीटीसीपी आलं त्याच ५.६ मध्ये कर्नेलमधली फंक्शनची एखादी यादीच बीपीएफमधून भरण्याची सोयही आली. तिचा पहिला उपयोग टीसीपीचं गर्दी-नियंत्रण बाहेरून लिहिण्यासाठी झाला. म्हणजे टीसीपीनं किती वेगानं पाठवायचं हा कितीतरी नाजूक निर्णय तुम्ही तेव्हाच बाहेर देऊ केला होता. मग २०२४ च्या नोव्हेंबरात, ६.१२ मध्ये, शेड-एक्स्ट आलं. प्रोसेसरचा वेळ कुणाला द्यायचा हा कर्नेलच्या काळजातला निर्णयही बीपीएफला खुला झाला. त्यावर किती खडाजंगी झाली ते सगळ्यांनी पाहिलं. हे दोन्ही चालतं आणि एमपीटीसीपीचा शेड्युलर थांबून राहतो, हे मला पटत नाही. गेलियांग टांग आणि मॅथ्यू बार्ट्स यांच्यासारख्यांनी बीपीएफ शेड्युलरचं काम एमपीटीसीपीच्या वेगळ्या कोडसंग्रहात वर्षानुवर्षे वाढवलं आहे. चाचण्यांसाठी आळीपाळीनं पाठवणारा, दोन्हीकडे पाठवणारा, राखीव मार्ग धरणारा असे नमुने त्यांनी लिहिले. मालमसाला तयार आहे.

काहींचं म्हणणं असं की आता क्विक हा नवा प्रोटोकॉल आहे, बहुमार्गी क्विकही येतंय, ते यूजरस्पेसमध्ये हवं तसं वाकवता येतं, मग टीसीपीत एवढा जीव कशाला घालायचा? त्यांना माझं एकच उत्तर आहे. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर क्विकमध्ये कोण लिहून देणार आहे? डेटाबेस, एसएसएच, छपाईचे सर्व्हर, जुनी बँकिंग सॉफ्टवेअर्स टीसीपीवर आहेत आणि आमच्या निवृत्तीपर्यंत तिथेच राहतील. एमपीटीसीपीचा खरा गुण हा की ॲपला हात न लावता त्याचं भलं करता येतं. ॲपनं सॉकेट उघडताना टीसीपीच्या ६ ऐवजी २६२ हा आकडा दिला की झालं, आणि ६.६ पासून तर तो आकडासुद्धा एका बीपीएफ हुकमधून परस्पर बदलता येतो.

आता माझ्या तीन अटींकडे येतो. हुक हवेत, पण कसेही नकोत.

व्हेरिफायर प्रोग्रॅमची शिस्त तपासतो, त्याची अक्कल तपासत नाही. 'नेहमी पहिल्या उपजोडणीवरच पाठव' हा प्रोग्रॅम चार ओळींचा आहे. तो स्मृती बिघडवत नाही, लगेच थांबतो, व्हेरिफायर त्याला आनंदानं पास करतो. आता पहिली उपजोडणी वायफायवरची आहे आणि फोन फाटकाबाहेर गेला. पॅकेट जातात, पोच येत नाही. टीसीपी पुन्हा पाठवतं, दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत. कर्नेलच्या मूळ मांडणीत टीसीपी असे पंधरा प्रयत्न करतं, आणि तुमच्याच दस्तऐवजात त्याचा काल्पनिक हिशेब ९२४.६ सेकंद दिलेला आहे. पंधरा मिनिटांहून जास्त. शेजारी सिमवरची उपजोडणी ठणठणीत आहे, पण धोरणाला तिच्याकडे बघायचंच नाही. पुन्हा कुठून पाठवायचं हेही तेच धोरण ठरवत असेल, तर सुटकेची वाटही बंद. नियम एकही मोडलेला नाही, आणि जोडणी मेल्यात जमा आहे.

मूळ शेड्युलरमध्ये यावर इलाज आहे. एखाद्या उपजोडणीवर काहीच हलत नाही आणि पोच न आलेला डेटा पडून आहे, असं पुन्हा पाठवण्याच्या चार मुदतींपर्यंत दिसलं, की ती शिळी धरली जाते आणि शेड्युलर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. माझं म्हणणं, ही दक्षता धोरणावर सोपवू नका. ती धोरणाच्या वर, कर्नेलच्या हातात ठेवा. शिळ्या उपजोडणीचं नाव धोरणानं घेतलं तर ते ऐकू नका. आणि हेच पुन्हा पुन्हा होत राहिलं तर ते धोरण उतरवून त्या जोडणीला मूळ शेड्युलरकडे परत न्या, आणि लॉगमध्ये तशी नोंद करा. शेड-एक्स्टमध्ये तुमच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलंय. चालायला तयार असलेलं एखादं काम तीस सेकंदांपर्यंत खोळंबलं तर कर्नेल बाहेरच्या शेड्युलरला हाकलतं आणि घरच्याला परत बसवतं. त्या एका व्यवस्थेमुळे माझ्यासारख्या भित्र्या माणसानंही तो वापरून पाहिला.

याला जोडूनच, हुक लहान ठेवा. एसटीच्या डेपोतला वाहतूक नियंत्रक कोणती गाडी कोणत्या मार्गावर सोडायची ते ठरवतो, ब्रेकला हात लावत नाही. धोरणानं फक्त उपजोडणीकडे बोट दाखवावं. क्रमांकांची जुळणी, चेकसम, जोडणीच्या किल्ल्या, गर्दी-नियंत्रण यांच्या जवळपासही त्याला फिरकू देऊ नका. उलट वाचायला मात्र भरपूर द्या: जाऊन-येऊन वेळ, गळती, रांगेत तुंबलेला डेटा, कोणत्या इंटरफेसवरून चाललंय, सॉकेटवरची खूण, सीग्रुप. आमची तिन्ही धोरणं एवढ्यावर बसतात.

दुसरी अट दिसण्याची. इथे माझा सूर जरा कडक होईल. दोन्ही मार्गांवर एकच डेटा पाठवणारं धोरण वेळ वाचवतं, पण डेटा दुप्पट खर्च करतं. डेटा सेंटरमध्ये तो खर्च कुणाला जाणवत नाही. रोजच्या मर्यादेच्या रिचार्जवर जगणाऱ्या माणसाला जाणवतो, फक्त कशामुळे ते कळत नाही. उद्या फोनमध्ये किंवा घरच्या राउटरमध्ये कोणतं धोरण घालायचं, ते फोन विकणारा किंवा सेवा देणारा ठरवणार. त्याच्या सोयीचं धोरण माझ्या खिशाच्या सोयीचं असेलच असं नाही. वायफाय असतानाही मोबाइल डेटा चालू ठेवणं कुणाला परवडतं, हा राजकीय म्हणावा असा प्रश्न आहे, आणि तो या छोट्याशा फंक्शनमध्ये सुटणार आहे. म्हणून प्रत्येक जोडणीपुढे तिच्या धोरणाचं नाव आणि मार्गागणिक गेलेले बाइट, यात परत पाठवलेले आणि दुहेरी पाठवलेले वेगळे, असं एसएससारख्या साध्या आदेशातून दिसलं पाहिजे. नाव लपवता येणार नाही, अशा रीतीनं. कोड दाखवण्याच्या बाबतीत तुम्ही आधीच चांगलं केलंय. या प्रकारच्या प्रोग्रॅमनं आपला परवाना जीपीएलशी सुसंगत असल्याचं जाहीर केलं नाही, तर व्हेरिफायर तो घेतच नाही. यात सूट मागायला कुणी आलं तर देऊ नका. बडी कंपनी असली तरी.

तिसरी अट मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, आणि तुम्हाला ती सर्वांत नावडती असेल, हे माहीत आहे. बीपीएफ प्रोग्रॅम कर्नेलमधली जी फंक्शनं बोलावतात त्यांच्या स्थैर्याची हमी तुम्ही देत नाही. ती आवृत्तीगणिक बदलू शकतात, असं दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं आहे. त्यामागचं कारण मला कळतं. २००१ मध्ये २.४ बरोबर नेटफिल्टर आलं, पॅकेटच्या वाटेवर पाच ठिकाणी हुक आले, आणि पुढे त्यावर लोकांनी काय काय उभारलं! क्युबरनेटीसची सेवा-वाहतूक त्यावर उभ्या आयपीटेबल्सच्या हजारो नियमांवर चालेल, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार. एकदा दिलेलं परत घेता येत नाही, हे तुम्ही त्यातून शिकलात. म्हणून आता हात राखून देता.

पण हात राखल्याचा भार कुणावर पडतो ते बघा. मेटा, गूगल किंवा क्लाउडफ्लेअरला काही अडचण नाही. त्यांच्याकडे स्वतःचे कर्नेल अभियंते आहेत, त्यातले काही तर तुमच्यातलेच मेंटेनर आहेत. नवी आवृत्ती येण्याआधी त्यांचे प्रोग्रॅम जुळवून झालेले असतात. आमच्यासारखे राउटरवाले दीर्घ मुदतीच्या कर्नेलवर दोन-तीन वर्षं काढतात आणि मग एकदम उडी मारतात. त्या उडीत निम्मे हुक नावानं किंवा अर्थानं बदललेले निघाले, तर आम्ही पुन्हा मॉड्यूलकडे वळतो, किंवा मूळ शेड्युलरवर गप्प बसतो. मग प्रोग्रॅम करता येणारं कर्नेल हे ज्यांना आधीच कर्नेल बदलता येतं त्यांच्यासाठीच उरतं. धोरण वापरणाऱ्याच्या हाती द्यायचं म्हणून हे सगळं करायचं, आणि ते पोचावं फक्त मोजक्या कंपन्यांच्या हाती, याला काय अर्थ?

कायमची हमी मी मागत नाही. एवढंच मागतो की शेड्युलरच्या हुकमधला मोजका गाभा ठरवा. उपजोडण्यांवरून फेरी मारणं, वर दिलेल्या चार-सहा गोष्टी वाचणं आणि निवड कळवणं. एवढ्या गाभ्यात काही काढायचं असेल तर तसं आधी जाहीर करा, आणि जुनं निदान एका दीर्घ मुदतीच्या कर्नेलपर्यंत चालू ठेवा. निघणार असलेल्या फंक्शनवर तशी खूण करण्याची सोय तुमच्याकडे आहेच. बाकी सगळं खुशाल बदला.

सुरक्षेबद्दलही बोलायला हवं, कारण ते न बोलता हुक मागणं अप्रामाणिक ठरेल. व्हेरिफायरमध्ये स्वतःच चुका निघालेल्या आहेत. २०२० च्या पोन-टू-ओन स्पर्धेत त्याच्या ३२ बिटी हिशेबातली एक चूक वापरून साध्या वापरकर्त्याला रूटपर्यंत पोचता आलं होतं. त्यानंतर तुम्ही साध्या वापरकर्त्यांना बीपीएफ चढवण्याची मुभा मूळ मांडणीतच बंद केली, ते बरंच झालं. शेड्युलरचं धोरण चढवण्याचा अधिकार यंत्राच्या प्रशासकापुरताच राहू द्या. ॲपनं फक्त नावानं निवडावं, तेही प्रशासकानं मांडून ठेवलेल्यांतून. पतसंस्थेच्या राउटरवर कुणी येऊन धोरण चढवावं, अशी आमचीही इच्छा नाही.

यंत्रणा एकीकडे आणि धोरण दुसरीकडे, हा विचार नवा नाही. पेर ब्रिंच हॅन्सन यांनी १९७० च्या सुमारास डेन्मार्कच्या आरसी ४००० या संगणकाच्या कार्यप्रणालीत तो राबवून दाखवला होता. त्यानंतरच्या पिढ्यांनी तो पाठ केला, परीक्षेत लिहिला, आणि प्रत्यक्षात धोरण पुन्हा पुन्हा यंत्रणेत मिसळत गेलं, कारण तसं करणं जलद पडायचं. आता बीपीएफमुळे वेग आणि वेगळेपण यातलं एकच निवडावं लागत नाही.

आमच्याकडून काय मिळेल, तेही सांगतो. शेड्युलरच्या बदलांची जी मालिका तुम्ही विचारात घ्याल, ती आम्ही आमच्या राउटरवर, खऱ्या आजारी फायबरवर आणि खऱ्या सिमवर चालवून बघू, आणि आकडे जसे येतील तसे, वाईट असले तरी, तुमच्यापुढे ठेवू. प्रयोगशाळेत नेटएम लावून बनवलेली गळती आणि जुलै महिन्यातली घाटाखालची गळती यांत फरक असतो. तो तुम्हाला उपयोगी पडेल.

वाचकांपैकी जे कर्नेलवर किंवा राउटरवर काम करतात, त्यांनाही विनंती. पुण्यात, बेंगळुरूत, किंवा जिथे कुठे असाल तिथे, या मालिका वाचा, चालवून बघा, आणि चाललं किंवा मोडलं ते लिहा. मेंटेनरांना अशा चाचण्यांची वानवा असते, आणि 'आम्हाला हे हवंय' असं म्हणणारे बहुतेक एकाच प्रकारच्या कंपन्यांतले असतात.

तेव्हा मेंटेनर मंडळींनो, पहिला निर्णय शेड्युलरचा घ्या. बीपीएफ आणि नेटवर्किंग या दोन विभागांनी एकमेकांच्या होकाराची वाट न बघता एकत्र बसून तो घ्यावा, आणि वरच्या तीन अटींपैकी एखादी मान्य नसेल तर का नाही, ते उघडपणे सांगावं.

कळावे,

आपला,
राउटरवर काम करणारा एक अभियंता
पुणे